लॅपटॉपच्या तुलनेत वॅट, पंखे आणि स्लॉट यांचेही रकाने हवेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीचा निकाल लागून अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की लॅपटॉपच्या जाहिरातींना ऊत येतो आणि त्याच सुमारास वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून ‘कोणता लॅपटॉप घ्यावा’ याची तुलनात्मक कोष्टकेही प्रसिद्ध होतात. सांगलीत संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करीत असल्यामुळे या कोष्टकांची कात्रणे हातात घेऊन सल्ला विचारायला येणारे पालक मला नेहमी भेटतात. प्रोसेसरचे नाव, ग्राफिक्स कार्डाचे नाव, रॅम, स्टोरेज, स्क्रीनचा आकार आणि किंमत असे या कोष्टकांतील रकाने ठरलेले असतात. साध्या कार्यालयीन कामाच्या लॅपटॉपसाठी ते पुरेसे आहेत. परंतु सत्तर-ऐंशी हजारांपासून दोन लाखांपर्यंतच्या, ज्यांना दुकानदार ‘गेमिंग’ आणि कंपन्या ‘हाय परफॉर्मन्स’ म्हणतात, अशा यंत्रांची तुलना एवढ्या माहितीवर करता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा यंत्राची खरी कुवत तीन गोष्टींवर ठरते: ते किती उष्णता सतत बाहेर टाकू शकते, त्याच्या वीजवापरावर आणि वेगावर मालकाला कितपत ताबा ठेवता येतो, आणि दोन-तीन वर्षांनी त्यात काय वाढवता किंवा बदलता येते. या तिन्हींचा उल्लेख जाहिरातीत क्वचितच असतो आणि दुर्दैवाने पुरवण्यांतही नसतो.

सुरुवात ग्राफिक्स कार्डापासून करतो, कारण ग्राहकाची सर्वाधिक दिशाभूल तिथेच होते. एनव्हिडिया या ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या कंपनीचे आरटीएक्स ४०६० हे कार्ड लॅपटॉपमध्ये ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कोणत्याही मर्यादेवर बसवण्याची मुभा निर्मात्यांना आहे आणि ही मर्यादा खुद्द एनव्हिडियाच्याच तपशिलात दिलेली आहे. आरटीएक्स ४०५० आणि ४०७० या दोघांचीही तीच मर्यादा आहे. याचा व्यवहारातील अर्थ असा की, पातळ आणि देखण्या लॅपटॉपमध्ये साठेक वॅटवर बांधून ठेवलेले ४०७०, जाडजूड लॅपटॉपमध्ये ११५ वॅट खाणाऱ्या ४०६० च्या मागे पडू शकते आणि ग्राहक मात्र मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजून बाहेर पडतो. आपल्या भागातला शेतकरी मोटार घ्यायला गेला तर एचपी किती, हेड किती आणि पाणी किती फेकते हे विचारल्याशिवाय पावती फाडू देत नाही. त्याचाच मुलगा लॅपटॉप घेताना कार्डाच्या स्टिकरवर समाधान मानतो, कारण विचारायचे काय हेच त्याला कुणी सांगितलेले नसते.

२०१७ पासून काही वर्षे कमी विजेवर चालणाऱ्या कार्डांच्या नावापुढे ‘मॅक्स-क्यू’ असे लावले जात असे. ती सोय परिपूर्ण नव्हती, पण निदान काहीतरी खूण होती. २०२१ मध्ये आरटीएक्स ३० मालिकेची कार्डे लॅपटॉपमध्ये आली आणि नावातली ती खूणही गेली. वॅटचा आकडा तेव्हापासून निर्मात्याच्या संकेतस्थळावरील तपशिलात शोधावा लागतो. तो काही ठिकाणी ठळक असतो, तर काही ठिकाणी तळटिपेत दडलेला असतो. डेस्कटॉप आणि लॅपटॉप यांच्या कार्डांना एकच नाव देण्याची प्रथाही अशीच घोळाची आहे. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९० ला ४५० वॅट वीज आणि २४ जीबी मेमरी मिळते. लॅपटॉपमधल्या त्याच नावाच्या कार्डाची मेमरी १६ जीबी असते आणि वीज, गरजेनुसार मिळणारा वाढीव वाटा (बूस्ट) धरूनही, १७५ वॅटच्या घरात थांबते. नाव तेच, यंत्र निराळे. यूट्यूबवर डेस्कटॉपची चाचणी पाहून लॅपटॉपकडून तीच अपेक्षा धरणाऱ्या मुलांची समजूत काढणे हा आता आमच्या धंद्याचाच एक भाग झाला आहे.

प्रोसेसरचीही तऱ्हा फारशी वेगळी नाही. इंटेलच्या तेराव्या पिढीतील एचएक्स या जास्त ताकदीच्या मालिकेचा आय७ किंवा आय९ प्रोसेसर घेतला तर त्याचा मूळ वीजवापर ५५ वॅट आणि कमाल टर्बो (म्हणजे वाढीव वेगाचा) वीजवापर १५७ वॅट असा दिलेला असतो. यातला दुसरा आकडा थोड्या वेळेपुरता आहे. लॅपटॉपचे पंखे आणि तांबे जोवर उष्णता झेलतात तोवर चिप धावते; तापमान १०० अंशांच्या कमाल मर्यादेला टेकले की ती आपणहून वेग कमी करते, यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. काही सेकंदांत संपणाऱ्या चाचणीत त्यामुळे सगळेच लॅपटॉप वाघ ठरतात. खरे रूप दिसते ते अर्धा-पाऊण तास सलग काम दिल्यावर. लग्नाच्या व्हिडिओचे रेंडरिंग (म्हणजे संपादनानंतर अंतिम फाइल तयार करणे), अन्सिससारख्या अभियांत्रिकी सॉफ्टवेअरमधील गणन किंवा मशीन लर्निंगच्या विद्यार्थ्याने रात्रभर लावून ठेवलेले प्रशिक्षण यांत यंत्राचा पहिल्या मिनिटाचा वेग कामाचा नसतो, तिसाव्या मिनिटाला तो किती उरतो हे महत्त्वाचे असते. तुलनेच्या कोष्टकात हा एकच आकडा घातला तरी निम्म्या जाहिराती गप्प बसतील.

उष्णता बाहेर पडते कशी, हे थोडे सविस्तर सांगतो. चिपवर तांब्याची पट्टी असते आणि त्या पट्टीला चपट्या तांब्याच्या नळ्या जोडलेल्या असतात. त्या भरीव नसतात. आत कमी दाबाखाली थोडेसे पाणी आणि कडेने सच्छिद्र धातूचा थर असतो. चिपकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, पंख्याकडच्या टोकाला ती थंड होऊन पुन्हा पाणी बनते आणि सच्छिद्र थरातून परत येते. पंख्याकडच्या टोकाला पातळ पत्र्यांची जाळी असते आणि पंखा त्यातून हवा ढकलतो. महागड्या यंत्रांत नळ्यांऐवजी व्हेपर चेंबर म्हणजे याच तत्त्वावरची एक रुंद चपटी पेटी असते. केवळ ते नाव वाचून हुरळून जाऊ नये. शेवटी उष्णता हवेतच जायची असल्यामुळे जाळीचे क्षेत्रफळ, पंख्यांचा आकार आणि हवा आत घेण्याच्या जागा यांवर सारे अवलंबून असते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या नळ्या सामायिक असतील तर एकाची उष्णता दुसऱ्याला भोवते, हेही लक्षात ठेवावे. अशा लॅपटॉपमध्ये दोन्ही चिप एकाच वेळी राबू लागल्या की कुणाला किती वीज द्यायची याची वाटणी यंत्र स्वतः करते, आणि ही दोन्हींची मिळून होणारी मर्यादा कंपन्या फारशा सांगत नाहीत.

परीक्षणे बहुधा वातानुकूलित खोलीत होतात आणि आपण राहतो सांगलीत, हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कूलिंगची क्षमता ही ढोबळमानाने चिपचे तापमान आणि खोलीचे तापमान यांतील फरकाच्या प्रमाणात असते. चिप ९५ अंशांवर आणि खोली २२ अंशांवर असेल तर फरक ७३ अंशांचा. तीच खोली एप्रिल-मेमध्ये दुपारी ३८ अंशांवर गेली तर फरक ५७ अंशांचाच राहतो. म्हणजे प्रयोगशाळेत १५० वॅट सहज बाहेर टाकणारे यंत्र आपल्याकडे तेवढ्याच पंख्यांवर ११७ वॅटच्या आसपास येऊन थांबते. पाचवा हिस्सा तापमानानेच खाल्ला. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या शेडखाली बसून डायचे डिझाइन करणाऱ्या मुलाच्या वाट्याला तर आणखी कमी येते. पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशी परीक्षकाचा निष्कर्ष खोटा नसतो, पण तो त्याच्या खोलीतला असतो. म्हणून आपल्या भागासाठी लॅपटॉप निवडताना दोन समान किमतीच्या यंत्रांपैकी जाड, वजनदार आणि मागच्या-बाजूच्या झडपा मोठ्या असलेले यंत्र घ्यावे, असा सल्ला मी देतो. तो ऐकून मुलांचे चेहरे पडतात, हेही खरे.

धुळीचा विषय तर या शहराशी जोडलेलाच आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले याचा आपल्याला अभिमान आहे, पण मार्केट यार्डातल्या पेढीवर वापरलेला लॅपटॉप उघडला की त्या हळदीचे दुसरे रूप दिसते. अशाच एका यंत्राचा तळ मी काढला तेव्हा पंख्याची पाती स्वच्छ दिसत होती आणि हवा मात्र बाहेर येत नव्हती. पंखा काढून पाहिल्यावर पंखा आणि जाळी यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत पिवळसर करड्या रंगाची, नमद्यासारखी घट्ट वडी बसलेली सापडली. चिमट्याने धरून ओढली तर ती तुकडे न पडता सलग पट्टीसारखी निघाली. मालकाची तक्रार ‘आवाज खूप करतो आणि हँग होतो’ एवढीच होती आणि दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना मदरबोर्ड बदलण्याचा खर्च सांगण्यात आला होता. ऊसतोडीच्या हंगामात पाचट पेटवल्यावर उडणारी काजळीही अशीच जाळीत जाऊन बसते, फक्त तिचा रंग काळा. म्हणून तळाचा पत्रा साध्या स्क्रूंनी उघडतो का आणि पंख्यापर्यंत किती टप्प्यांत पोहोचता येते, ही माहितीही कूलिंगच्या तुलनेत धरली पाहिजे. काही लॅपटॉपमध्ये पंखा साफ करण्यासाठी मदरबोर्डच उलटा काढावा लागतो. त्यांची सर्व्हिसिंग महाग पडते आणि म्हणूनच कुणी करून घेत नाही. एक विनंती घरगुती प्रयोग करणाऱ्यांना: पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा लॅपटॉपमध्ये मारू नये. त्या हवेत पाण्याचा आणि तेलाचा अंश असतो आणि मोकळा सोडलेला पंखा त्या झोताने भलत्याच वेगाने फिरून त्याचे बेअरिंग जाते. हवा मारायचीच तर पाते बोटाने किंवा काडीने अडवून धरावे.

चिप आणि तांबे यांच्या मधली थर्मल पेस्ट हा दुसरा नाजूक भाग. चिप तापते-निवते तशी ती सूक्ष्म प्रमाणात फुगते-आकसते आणि साधी पेस्ट हळूहळू कडेला सरकते. दोन-तीन वर्षांनी मधला भाग जवळजवळ कोरडा सापडतो. अलीकडे हनीवेल कंपनीच्या पीटीएम ७९५० या नावाने ओळखली जाणारी पातळ चकती लोकप्रिय झाली आहे आणि काही निर्माते कारखान्यातूनच ती बसवतात. सामान्य तापमानाला ती घन असते, ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन फटी भरते आणि पेस्टसारखी कडेला ढकलली जात नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी मला ती सर्वांत भरवशाची वाटते, अर्थात नकली माल टाळून. लिक्विड मेटलबद्दल मात्र मुलांनी जरा दमाने घ्यावे. गॅलियमचा हा मिश्रधातू उष्णता उत्तम वाहतो आणि असूससारखी कंपनी २०२० पासून आपल्या अनेक महागड्या गेमिंग लॅपटॉपमध्ये तो यंत्राच्या साहाय्याने, भोवती बांध घालून बसवते. पण तो वीजही वाहतो आणि ॲल्युमिनियमला लागला तर त्याला पोखरतो. घरी बसून इंजेक्शनच्या सिरिंजने तो भरायचा आणि एक थेंब शेजारच्या कपॅसिटरवर पडला की मदरबोर्ड गमवायचा, हा व्यवहार चार-पाच अंशांच्या फायद्यासाठी परवडणारा नाही.

कूलिंग पॅडविषयी थोडक्यात. निळे दिवे लावलेले, उघड्या जाळीचे स्वस्त पॅड पैशाच्या मानाने फार थोडे देतात. मागची बाजू दोन बोटे उचलून धरणारा ठोकळा जवळपास तेवढेच काम फुकट करतो. कडेने फोमची पट्टी असलेले आणि हवा दाबाने आत ढकलणारे पॅड खरोखर उपयोगी पडतात, पण त्यांचा आवाज अभ्यासिकेत सहन होणारा नसतो. गादीवर किंवा पांघरुणावर लॅपटॉप ठेवून वर पॅडची चौकशी करणाऱ्यांनी आधी टेबल घ्यावे.

ट्यूनिंग हा शब्द ऐकला की पालकांना वाटते मुलगा यंत्राची वाट लावणार. वास्तविक लॅपटॉपच्या बाबतीत ट्यूनिंगचा मुख्य उपयोग वेग वाढवण्यापेक्षा उष्णता कमी करण्यासाठी होतो. चिपचा वीजवापर ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तोच वेग ठेवून व्होल्टेज १० टक्के उतरवता आले तर चिपच्या चालू कामासाठी लागणारी वीज १९ टक्क्यांनी घटते. प्रत्येक चिप थोडी वेगळी निघते आणि कंपनी सर्वांत कमकुवत चिपही चालावी या हिशेबाने व्होल्टेज ठरवते, त्यामुळे बहुतेक यंत्रांत उतरवायला जागा असतेच. यालाच अंडरव्होल्टिंग म्हणतात. ग्राफिक्स कार्डासाठी ते एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधील आलेख बदलून बहुतेक यंत्रांवर करता येते. चुकले तर प्रोग्राम बंद पडतो किंवा लॅपटॉप रीस्टार्ट होतो, जळत नाही. थोडे थोडे उतरवत जावे आणि प्रत्येक पायरीला तासभर काम देऊन पाहावे.

प्रोसेसरच्या बाबतीत मात्र खरेदीपूर्वीच चौकशी करावी लागते. डिसेंबर २०१९ मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ नावाची सुरक्षात्रुटी उघड झाली. सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज खाली खेचून इंटेलच्या सुरक्षित कप्प्यातील गणित चुकवता येते, असे संशोधकांनी दाखवून दिले. त्यानंतर इंटेलच्या सूचनेनुसार आलेल्या बायोसच्या (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटमधून अनेक लॅपटॉपमध्ये अंडरव्होल्टिंगला कुलूप लागले, आणि आधी थ्रॉटलस्टॉप किंवा इंटेलच्या स्वतःच्या एक्सटीयू सॉफ्टवेअरने ते करणाऱ्यांची सोय एका अपडेटसरशी गेली. एचएक्स मालिकेच्या यंत्रांत ती अनेकदा खुली असते, साध्या एच मालिकेत बहुधा नसते. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची तशीच सोय आहे, पण ती देणे न देणे निर्मात्याच्या बायोसवर अवलंबून. माझ्या मते सुरक्षेसाठी कुलूप घालणे समजण्यासारखे आहे. पण मालकाने ते बायोसमध्ये जाऊन स्वतःच्या जबाबदारीवर उघडावे एवढी मुभा ठेवली पाहिजे, आणि काही कंपन्या ती ठेवतातही. तुलनेच्या कोष्टकात ‘बायोसमध्ये अंडरव्होल्टिंग: आहे किंवा नाही’ हा रकाना म्हणूनच हवा.

कुलूप असले तरी हात बांधलेले नसतात. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की बऱ्याच यंत्रांत टर्बो बंद होतो आणि तापमान लक्षणीय उतरते. उन्हाळ्यात दुपारी नुसते कोडिंग किंवा ऑटोकॅड करणाऱ्याला वेगातला फरक फारसा जाणवणारही नाही. गेम खेळणाऱ्याने फ्रेम रेट स्क्रीनच्या गरजेपुरता बांधून घ्यावा. लॅपटॉप कायम चार्जरला जोडून वापरणाऱ्यांनी बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय सुरू करावी, कारण लिथियम बॅटरीला उष्णता आणि पूर्ण चार्ज ही जोडी सर्वाधिक मारक आहे आणि उन्हाळ्यानंतर फुगलेल्या बॅटऱ्या दुरुस्तीला येण्याचे हेच मोठे कारण असते. वीज गेल्यावर लॅपटॉप मंदावतो ही तक्रारही नेहमीची आहे. त्यात बिघाड नसतो. विमानप्रवासाच्या नियमांमुळे लॅपटॉपच्या बॅटऱ्या १०० वॅट-तासांच्या आत ठेवल्या जातात. दोनशे वॅट मागणारे यंत्र त्या बॅटरीवर पूर्ण वेगाने चालवले तर अर्ध्या तासात ती संपेल, म्हणून यंत्र आपणच हात आखडता घेते. लोडशेडिंगच्या भागात राहून रेंडरिंगचा धंदा करणाऱ्याने लॅपटॉप महाग घेण्यापेक्षा चांगला इन्व्हर्टर घ्यावा. आणि ज्याचे यंत्र टेबलावरून कधी हलणारच नाही त्याने त्याच पैशात डेस्कटॉप घ्यावा, हे मी धंद्याचे नुकसान सोसूनही सांगत असतो.

अपग्रेडच्या बाबतीत दुकानांतून सर्रास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, ‘आत्ता १६ जीबी घ्या, पुढे वाढवता येईल.’ येईल का, हे त्या मॉडेलवर अवलंबून आहे. पातळ लॅपटॉपमध्ये एलपीडीडीआर५एक्स प्रकारची रॅम मदरबोर्डला थेट सोल्डर केलेली असते. ती वीज कमी खाते, वेगवान असते. पण खरेदीच्या दिवशी जेवढी घेतली तेवढीच शेवटपर्यंत. ॲपलच्या एम मालिकेच्या यंत्रांत तर ती चिपच्याच पॅकेजवर बसवलेली असते. काही यंत्रांत निम्मी सोल्डर आणि निम्मी स्लॉटमध्ये, अशी तडजोड आढळते. उत्तम म्हणजे सोल्डर न केलेली, दोन स्लॉटमध्ये बसणारी रॅम. त्यातही खोच अशी की दोन स्लॉटमध्ये ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या असतील तर आज वेग चांगला मिळतो, पण वाढवताना दोन्ही काढून टाकाव्या लागतात. एकच १६ जीबीची पट्टी असेल तर ड्युअल चॅनेल (दोन पट्ट्यांशी एकाच वेळी देवाणघेवाण) नसल्याने आज वेग थोडा कमी, पण उद्या दुसरी पट्टी टाकली की ३२ जीबी होऊन काम भागते. विद्यार्थ्याला मी दुसरा पर्याय सुचवतो. जुन्या लॅपटॉपमधली डीडीआर४ पट्टी नव्या डीडीआर५ स्लॉटमध्ये बसत नाही, हेही सांगून ठेवलेले बरे. जोर लावून स्लॉट मोडलेली यंत्रे आमच्याकडे येतात.

‘पुढे वाढवू’ या हिशेबाला २०२५ च्या उत्तरार्धात आणखी एक धक्का बसला. एआयच्या डेटा सेंटरकडून मेमरीची मागणी एवढी वाढली की साध्या ग्राहकांच्या रॅमचे भाव झपाट्याने चढले, आणि मायक्रॉनसारख्या कंपनीने क्रुशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड आवरता घेण्याची घोषणा डिसेंबर २०२५ मध्ये केली. पुढे स्वस्तात टाकू म्हणून थांबलेल्यांची पंचाईत झाली. तरीही मोकळा स्लॉट असणे आणि नसणे यांत फरक आहेच: भाव उतरण्याची वाट पाहता येते, सोल्डर केलेल्या रॅमपुढे वाट पाहूनही उपयोग नाही. या दोन टोकांच्या मध्ये एक मार्ग निघाला आहे. कॅम२ नावाचे, स्क्रूने बसणारे चपटे मेमरी मॉड्यूल जेडेक या मानक संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये प्रमाणित केले आणि लिनोव्होच्या थिंकपॅड पी१ च्या सातव्या पिढीत २०२४ मध्ये त्याचा कमी विजेचा प्रकार आला. रॅम वेगवानही आणि बदलण्याजोगीही, असे त्यात साधते. मात्र साध्या ग्राहकाच्या किमतीत ते अजून सर्रास दिसत नाही.

एसएसडीची बाजू तुलनेने सुखाची आहे. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवण्याचा एम.२ प्रकारचा दुसरा स्लॉट मोकळा असतो. तो २२८० लांबीचा आहे की आखूड २२४२, आणि चौथ्या पिढीचा आहे की तिसऱ्या, एवढे पाहून घ्यावे. तिसऱ्या पिढीची ड्राइव्ह सेकंदाला साडेतीन हजार मेगाबाइटच्या आसपास वाचते, चौथ्या पिढीची सात हजारांपर्यंत, पण रोजच्या वापरात हा दुपटीचा फरक दिसत नाही आणि वेगवान ड्राइव्ह तापते मात्र जास्त. ड्राइव्ह बदलण्याआधी किंवा बायोस अपडेट करण्याआधी विंडोजच्या बिटलॉकर या ड्राइव्हवरील माहिती कुलूपबंद करणाऱ्या सोयीची रिकव्हरी की लिहून ठेवणे अत्यावश्यक आहे. विंडोज ११ च्या अनेक यंत्रांत एन्क्रिप्शन मालकाला पत्ता न लागता सुरू झालेले असते आणि प्रोजेक्टच्या सादरीकरणाच्या आदल्या दिवशी निळ्या स्क्रीनवर ४८ अंकी की मागितली गेली की आमच्याकडे त्यावर उपाय नसतो.

ग्राफिक्स कार्ड पुढे बदलता येईल का, असे विचारणाऱ्यांना उत्तर जवळजवळ नेहमीच ‘नाही’ असे आहे. अमेरिकेतील फ्रेमवर्क कंपनीच्या १६ इंची लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सचा भाग मागच्या बाजूने सरकवून काढता येतो आणि २०२५ मध्ये कंपनीने त्यासाठी आरटीएक्स ५०७० चे मॉड्यूलही आणले. म्हणजे हे अशक्य नाही. बाकीच्यांनी ते करायचे नाही असे ठरवले आहे. त्यामुळे आपल्याकडच्या ग्राहकाने कार्डाच्या स्वतःच्या मेमरीकडे रॅमपेक्षाही बारकाईने पाहावे. लॅपटॉपमधील आरटीएक्स ४०६०, ४०७०, ५०६० आणि ५०७० या चौघांनाही ८ जीबीच मेमरी आहे. ५०७० टीआयला १२ जीबी मिळते. एआय मॉडेल चालवणाऱ्या किंवा फोर-के व्हिडिओचे मोठे काम करणाऱ्या माणसाने ४०६० वरून ४०७० वर जाण्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी हा आकडा पाहावा. त्याला ज्याची टंचाई भासणार आहे ते त्या पैशांत वाढतच नाही.

शेवटी वॉरंटी आणि कायदा. रॅम किंवा एसएसडी मालकाने स्वतः टाकल्यास वॉरंटी राहते का, याचे उत्तर कंपनीगणिक बदलते आणि दुकानात तोंडी मिळणारे उत्तर पुढे सर्व्हिस सेंटरमध्ये कामी येत नाही. ते बिलावर लिहून घ्यावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ग्राहकाला वस्तूची गुणवत्ता, प्रमाण, क्षमता, शुद्धता, दर्जा आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क देतो. ग्राफिक्स कार्ड ६० वॅटवर चालणार की ११५ वर, ही क्षमतेचीच बाब आहे, असे मला वाटते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचे पोर्टलही सुरू केले. त्या चौकटीत लॅपटॉपच्या खोक्यावर वॅट, सोल्डर केलेली रॅम आणि मोकळे स्लॉट यांचा उल्लेख सक्तीचा करणे फारसे अवघड नाही. ग्राहक संघटनांनी आणि आपल्या जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी ही मागणी लावून धरावी.

आपल्या पुरवणीसाठी मात्र कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढील वर्षीच्या कोष्टकात ग्राफिक्स कार्डाची वॅटमर्यादा, अर्ध्या तासानंतर टिकणारा वेग, पंख्यापर्यंत पोहोचण्याची सोय, बायोसमधील ट्यूनिंगची मुभा, आणि रॅम व एसएसडीचे मोकळे स्लॉट एवढे रकाने वाढवावेत, अशी माझी विनंती आहे. चाचणी शक्य झाली तर ती एसी बंद करून, मे महिन्यातल्या दुपारी घ्यावी. बाकीची बरीचशी माहिती कंपन्यांच्या तांत्रिक तपशिलात आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळते. एखादी कंपनी वॅटचा आकडा देतच नसेल तर तिच्या नावापुढचा तो रकाना वगळू नये. तो कोरा ठेवून तसाच छापावा.

आपला नम्र,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक
विश्रामबाग, सांगली